उभ्या गाडीचा पहारेकरी

गती हा मनुष्याच्या कौतुकाचा विषय आहे. विराम हा त्याच्या काळजीचा. मोटारीच्या इतिहासात एंजिनाच्या शोधाला जेवढी पाने मिळाली, तेवढ्या ओळीही थांबलेली गाडी जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या साधनाला मिळालेल्या नाहीत. चालकाच्या हाताशी असणारा तो साधा दांडा, म्हणजे हॅण्डब्रेक, गाडी पळत असताना कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु चालक खाली उतरला, दार लागले आणि गाडी उतारावर एकटी उभी राहिली, की तिची आणि तिच्यापुढून जाणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी त्या दांड्यावर येते. या पहारेकऱ्याचा इतिहास पाहिला, तर मनुष्याने यंत्रावर विश्वास कसा ठेवला आणि किती ठेवला, याचाच इतिहास हाती लागतो.

उतारावर गाडी धरून ठेवण्याचा प्रश्न मोटारीहून फार जुना आहे. सह्याद्रीच्या घाटांतून माल वाहणारा गाडीवान बैल सोडण्यापूर्वी चाकाला दगड लावी. युरोपातील घोड्यांच्या गाड्यांना लाकडी ठोकळा चाकाच्या धावेवर दाबणारा दांडा असे. पुढे आगगाडी आली आणि प्रश्नाचे स्वरूप अधिक उग्र झाले. १८६३ साली भोर घाटातून लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा त्या तीव्र उतारावर इंजिनिअरांनी केवळ ब्रेकांवर भिस्त ठेवली नाही. उतरत्या मार्गापासून फुटून चढावाकडे जाणारे आडमार्ग त्यांनी बांधले. हेतू असा, की ताब्यातून सुटलेली गाडी त्या चढावर जाऊन आपोआप थांबावी. एक साधन फसले तर दुसरे हाताशी असावे, आणि ते पहिल्यावर अवलंबून नसावे, हा जो विचार या आडमार्गांमागे होता, तोच पुढे हॅण्डब्रेकच्या जन्माला कारण झाला.

मोटारीच्या ब्रेकची पहिली संस्मरणीय दुरुस्ती कोणा कारखान्यात झाली नाही. ती वाटेवर झाली, आणि ती एका गृहिणीने करवून घेतली. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात कार्ल बेन्झ यांची पत्नी बेर्टा आपल्या दोन मुलांना घेऊन पतीने बनविलेल्या तीनचाकी मोटारीतून जर्मनीतील मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. डोंगराळ भागातील उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजून निकामी होऊ लागले, तेव्हा तिने वाटेतील एका चांभाराकडून त्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. ब्रेकच्या पृष्ठावर झिजणारे आणि बदलता येणारे अस्तर असावे, ही आज सर्वमान्य झालेली कल्पना अशी प्रवासाच्या अडचणीतून उपजली.

या चामड्याचे नाते पुढे इंग्लंडशीही जुळले. डर्बीशायरच्या टेकड्यांतून उतरणारे शेतकरी आपल्या गाड्यांच्या लाकडी ठोकळ्यांवर जुन्या बुटांचे चामडे लावीत, हे हर्बर्ट फ्रूड याने पाहिले, आणि त्यावरून त्याला अस्तराच्या उद्योगाची कल्पना सुचली, असे सांगतात. १८९७ पासून त्याने हे प्रयोग चालविले. आपल्या आडनावाच्या अक्षरांची उलटापालट करून आणि त्यात पत्नीच्या नावाचे आद्याक्षर मिसळून त्याने मालाला ‘फेरोडो’ हे नाव दिले. पुढे या अस्तरांत ॲस्बेस्टॉस आले. त्याने उष्णता सोसली खरी, पण त्याची सूक्ष्म धूळ फुफ्फुसांत शिरून प्राणघातक रोग निर्माण करते हे उमगण्यास, आणि उमगल्यावर त्याचा वापर सोडण्यास, जगाला अनेक दशके लागली. ड्रम उघडून आतली धूळ तोंडाने फुंकून उडविण्याची सवय ज्या मिस्त्र्यांना होती, त्यांनी या अज्ञानाची किंमत आपल्या श्वासाने मोजली. जुन्या गाडीचा ड्रम आजही घरी उघडावयाचा असेल, तर ती धूळ कोरडी न उडविता ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, हे त्यातून मिळालेले शहाणपण होय.

विसाव्या शतकाच्या आरंभी हॅण्डब्रेक हा पहारेकरी नव्हता. तो मुख्य सरदार होता. अनेक मोटारींत पायाचा ब्रेक गिअरपेटीमागील दांड्यावर दाब देई, तर मागच्या चाकांना प्रत्यक्ष आवळण्याचे काम चालकाच्या बाजूच्या उंच हातदांड्याकडे असे. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रनो याने ड्रमच्या आतून बाहेर फाकणाऱ्या शूंचा ब्रेक पुढे आणला, आणि चिखलापाण्यापासून काहीसे सुरक्षित असे घर या यंत्रणेला मिळाले. १९०८ साली बाजारात आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये तर हातदांडा ओढण्याचा प्रश्न जिवाचा होता. हँडल फिरवून एंजिन सुरू करावे लागे, आणि दांडा ओढावयाचा राहिला असला, तर एंजिन सुरू होताच गाडी हँडल फिरविणाऱ्याच्याच अंगावर येण्याचा धोका असे.

याच काळात कायद्यानेही या विषयात लक्ष घातले. १९०४ साली अमलात आलेल्या ब्रिटिश नियमांनी मोटारीला परस्परांपासून स्वतंत्र असे दोन ब्रेक असलेच पाहिजेत असे ठरविले. या नियमात ‘स्वतंत्र’ हा शब्द कळीचा आहे. भारतातील १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीही पायाचा ब्रेक आणि गाडी उभी ठेवण्याचा ब्रेक अशा दोन स्वतंत्र व्यवस्था मोटारींना आवश्यक ठरविल्या, त्यांमागे हेच सूत्र आहे.

त्या शब्दाची खरी परीक्षा ब्रेकमध्ये तेल आले तेव्हा झाली. माल्कम लॉकहीड याने १९१७ साली तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट मिळविले. १९२१ च्या ड्यूझेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक होते. १९२४ साली ते क्रायस्लरमध्ये आले. फोर्ड कंपनी मात्र पावलापासून चाकापर्यंत पोलादी सळ्या असल्याचा अभिमान मिरवीत राहिली आणि १९३९ सालीच तेलाकडे वळली. फोर्डचा हा हट्ट मागासलेला होता, तरी त्यामागील शंका अगदीच निराधार नव्हती. बंद नळीतील तेल पावलाचा जोर चारही चाकांना सारखा वाटून देते. परंतु एखादे रबरी वायसर झिजले, नळीला बारीकशी चीर गेली, तर तो दाब रात्रभरात निघून जातो. तारेला असे झिरपणे ठाऊक नाही. म्हणून पायाचा ब्रेक तेलाच्या स्वाधीन झाला, तरी हातदांडा तारेलाच धरून राहिला. त्या तारेचाही एक पूर्वज होता. वेटोळ्यांच्या लवचिक आवरणातून सरकणारी, वळणे घेत जोर पोहोचविणारी तार अर्नेस्ट बाउडन याने १८९६ साली पेटंट केली होती. तीच सायकलींच्या ब्रेकांत रुळली आणि मोटारीच्या पोटाखालीही गेली.

या यंत्रणेची रचना इतकी सरळ आहे, की ती एकदा पाहिली म्हणजे समजते. दांडा वर ओढला, की त्याच्या बुडाशी असलेल्या दातेरी पट्टीवर एक खटका ‘टक्, टक्’ असा अडकत जातो, त्यामुळे हात काढला तरी तार सैल होत नाही. पुढे तराजूच्या दांडीसारखा एक तुकडा हा ताण मागच्या दोन चाकांत समान वाटतो. चाकाच्या ड्रममध्ये एक तरफ दोन्ही शूंना फाकविते आणि ते ड्रमला आतून घट्ट भिडतात. म्हणूनच घरच्या अंगणात ज्याची दुरुस्ती मालकाने स्वतः करावी, अशा मोजक्या भागांत हॅण्डब्रेकची गणना दीर्घकाळ होत आली.

पण सोपी दिसणारी ही दुरुस्ती एका ठिकाणी नेहमी फसे. दांडा पूर्वीपेक्षा अधिक वर येऊ लागला, की तारेचा नट पान्ह्याने आवळावा, हा पहिला मोह. वस्तुतः बहुधा तार वाढलेली नसते. अस्तर झिजलेले असते. अशा वेळी नुसती तार आवळली, तर शू आपल्या मूळ जागी परत जात नाहीत, ते ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतो, आणि मूळ दोष झाकला जातो. म्हणून जाणत्यांचा क्रम वेगळा असे. गाडी सपाट जागी उभी करावयाची, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावयाचे, मागची बाजू उचलून भक्कम घोड्यांवर टेकवावयाची. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जावयाचे नाही. मग हातदांडा पूर्ण खाली सोडून आधी शूंचे अंतर जुळवावयाचे, आणि अगदी शेवटी तारेतील उरलेली ढील काढावयाची. ठराविक टक्‌टकींत दोन्ही चाके घट्ट धरली जावीत आणि दांडा सोडताच ती मोकळी फिरावीत, एवढी या कामाची कसोटी. टक्‌टकी किती, हे त्या त्या गाडीच्या पुस्तकात दिलेले असते.

या यंत्रणेचा दुसरा शत्रू म्हणजे आळस. जो हॅण्डब्रेक महिनोन्‌महिने ओढला जात नाही, त्याची तार आवरणातच गंजते आणि नेमकी हवी तेव्हा हलत नाही. उलट पावसाळ्यात दमट हवेत दांडा ओढून गाडी कित्येक दिवस ठेवली, तर शू ड्रमला चिकटतात. म्हणून कोकणपट्टीतील अनुभवी चालक अशी गाडी गिअरमध्ये घालून, चाकांना ठोकळे लावून ठेवतात. घाटात मालट्रक थांबताच लाकडी ठोकळा घेऊन खाली उडी मारणारा क्लीनर हा त्या जुन्या गाडीवानाचाच वारस आहे.

पुढे डिस्कब्रेक आले. १९५३ साली ल मानच्या शर्यतीत जग्वार मोटारीने त्यांच्या साहाय्याने विजय मिळविला, आणि त्यांचा दबदबा वाढला. परंतु धावती गाडी रोखण्यात श्रेष्ठ ठरलेली ही तबकडी उभी गाडी धरून ठेवण्यात ड्रमइतकी सोयीची नव्हती. कित्येक मोटारींत मागच्या तबकडीच्या पोटात केवळ हॅण्डब्रेकसाठी एक लहानसा ड्रम ठेवावा लागला. हवेच्या दाबावर ब्रेक चालविणाऱ्या अवजड ट्रकांत तर विचार आणखी पुढे गेला. तेथे एक जबर स्प्रिंग ब्रेक आवळून धरते आणि हवेचा दाब तिला मागे रेटून चाके मोकळी करतो. हवा गेली, तर स्प्रिंग आपला हक्क बजावते आणि गाडी जागीच थांबते.

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून दांड्याची जागा एका बटणाने घेण्यास सुरुवात केली आहे. बटण दाबताच चाकाजवळची विजेची छोटी मोटर स्क्रू फिरवून ब्रेक आवळते. चालक विसरला, तरी काही गाड्या स्वतःच तो लावतात, आणि यात सुरक्षिततेचा लाभ निःसंशय आहे. पण अशा गाडीचे मागचे पॅड बदलावयाचे झाले, तर बहुधा आधी एखादे उपकरण जोडून त्या मोटरला माघार घेण्याचा हुकूम द्यावा लागतो. अंगणात पान्हा घेऊन बसलेल्या मालकाला त्या हुकमाची भाषा येत नाही. तारेचा ताण हाताला कळत असे आणि तिची कुरकुर कानाला. बटणाखाली काय चालले आहे, हे फलकावरचा दिवा सांगेल तेवढेच कळते. सोयीबरोबर आपल्या यंत्राची पारख करण्याचा एक जुना अधिकार मालकाच्या हातून असा हळूहळू सुटत आहे.

तथापि अजूनही रस्त्यांवर असंख्य गाड्या तारेच्या भरवशावर उभ्या आहेत. त्यांच्या मालकांनी अधूनमधून वाकून ती तार पाहावी, टक्‌टकी मोजाव्यात, आणि शिमला असो वा महाबळेश्वर, उतारावर गाडी सोडताना पुढची चाके रस्त्याच्या कडेकडे वळवून, एखादा दगड लावूनच पाठ फिरवावी. शंभराहून अधिक वर्षांच्या सुधारणांनंतरही चाकाखालचा तो दगड निरुपयोगी ठरलेला नाही.