सातबाऱ्यापासून पाणीपट्टीपर्यंत : कारकुनी कामाचे स्वयंचलन

नीरा नदीच्या पट्ट्यातील निरवांगी हे इंदापूर तालुक्यातील गाव. परिसर उसाचा. अशा गावातील एका खातेदाराचे नाव आणि गट क्रमांक वर्षभरात किती ठिकाणी लिहिला जातो, याचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. सातबारा आणि आठ-अ उताऱ्यावर तो असतोच. विकास सोसायटीच्या कर्जखात्यात तो पुन्हा लिहिला जातो, बँकेच्या अर्जात पुन्हा, साखर कारखान्याच्या ऊस नोंदीत पुन्हा, पीकविम्याच्या अर्जात आणि पाणीपट्टीच्या मागणीपत्रकात आणखी एकदा. मजकूर तोच, लिहिणारा हात मात्र दर वेळी वेगळा. त्यामुळे एका कागदावर ‘ज्ञानदेव’ असलेला गृहस्थ दुसऱ्या कागदावर ‘ज्ञानोबा’ होतो आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करण्यासाठी त्याला तालुक्याच्या गावी खेटे घालावे लागतात. पेरणीच्या तोंडावर कर्जप्रकरण अडण्यास एवढे कारण पुरते.

एकदा नोंदलेली माहिती पुढच्या टेबलावर आपोआप जावी, ठरलेल्या दिवशी ठरलेली सूचना निघावी आणि निर्णय घेणाऱ्यापुढे कागद तयार होऊन यावा, या व्यवस्थेला संगणकाच्या परिभाषेत ‘वर्कफ्लो’ म्हणतात. मराठीत कामाची साखळी म्हणावे. अलीकडे ही साखळी प्रोग्रॅमरशिवाय जुळवता येईल अशी साधने उपलब्ध झाली असून, त्यांना ‘लो-कोड’ म्हणजे अल्पसंकेत साधने असे नाव आहे. ती हाती घेण्यापूर्वी महाराष्ट्राने महसूल दप्तरात केलेला मोठा प्रयोग समजून घेणे उपयोगाचे ठरेल. तो अल्पसंकेत साधनांनी झालेला नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रोग्रॅमरनी त्याची प्रणाली लिहिली. पण पुनरावृत्तीचे काम यंत्राकडे सोपवताना काय साधते आणि काय फसते, हे त्यातून स्वच्छ दिसते.

फेरफाराची साखळी

जमिनीच्या हक्कात बदल झाला की त्याची नोंद कशी घ्यावी, हे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६च्या कलम १४९ व १५० मध्ये सांगितले आहे. हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांत वर्दी द्यायची. तलाठ्याने फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद धरायची. तिची प्रत चावडीत लावायची आणि हितसंबंधितांना नोटीस द्यायची. पंधरा दिवसांत हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबाऱ्यावर नाव बदलते. वर्दी, नोंद, नोटीस, प्रतीक्षा, निर्णय, अंमल अशी ही क्रमबद्ध साखळी आहे. संगणक येण्याच्या कितीतरी आधी कायद्याने ती आखून ठेवली होती. ई-फेरफार प्रणाली सुलभ झाली ती मुख्यतः यामुळे.

नव्या व्यवस्थेत दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत नोंदले गेले की त्यातील माहिती संगणकीय जोडणीने ई-फेरफार प्रणालीत येते. फेरफार क्रमांक पडतो, नोटिसांचा मजकूर तयार होतो, पंधरा दिवसांची गणना प्रणाली ठेवते, आणि प्रमाणित झालेल्या फेरफाराचा अंमल सातबाऱ्यावर पुन्हा लिहून काढावा लागत नाही. पूर्वी खरेदीदाराने दस्ताची सूची घेऊन तलाठ्याच्या गाठीभेटी घ्यायच्या आणि तलाठ्याने तोच मजकूर तीन ठिकाणी उतरवून काढायचा, असा क्रम होता. वारसनोंद, बोजा चढवणे व उतरवणे यांसारखे दस्ताविना होणारे अर्ज ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या करता येतात. संगणकीय स्वाक्षरी असलेला सातबारा २०१८ पासून मिळू लागला; त्याचे शुल्क प्रतिउतारा १५ रुपये आहे. दरम्यान दप्तराच्या धन्याचे नावही बदलले. तलाठी हे पदनाम २०२४ मध्ये ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले. गावोगाव त्यांना तलाठी भाऊसाहेब म्हणण्याची सवय मात्र सुटलेली नाही.

या साखळीत एक कडी मुद्दाम माणसाकडे ठेवली आहे. नोंद प्रमाणित करायची की नाही, हे यंत्र ठरवीत नाही. सर्व वारस दाखवले आहेत का, बहिणीचे नाव वगळले गेले आहे का, नोटीस खरोखर पोहोचली का, हे मंडळ अधिकाऱ्याने पाहायचे. पंधरा दिवस हा विलंब नसून हरकत घेणाऱ्याचा हक्क आहे. स्वयंचलनाच्या उत्साहात अशी प्रतीक्षा ‘अनावश्यक टप्पा’ म्हणून कापली जाते, आणि ज्याला बोलण्याची एकच संधी होती त्याची ती संधी जाते.

चुकीचे स्वयंचलन

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. पुढील काळात राज्यभर हस्तलिखित सातबारे संगणकात भरण्यात आले, तेव्हा हजारो गावांच्या नोंदी हातांनी टंकल्या गेल्या आणि हस्तलिखितात नसलेल्या चुका संगणकात शिरल्या. क्षेत्राचे आकडे जुळेनात, नावे गळाली, इतर हक्कांतील शेरे हरवले. कागदावरची चूक त्या कागदापुरती राहते. संगणकातील चूक प्रत्येक नव्या उताऱ्यावर छापली जाते आणि छापील अक्षरामुळे ती अधिक खरी वाटते.

त्यावरचा उपाय पाहण्यासारखा आहे. २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. संगणकातील सातबारे गावात वाचून दाखवायचे, खातेदारांनी ऐकायचे आणि चूक असेल तेथे थांबवायचे! अत्याधुनिक प्रणालीची शुद्धता तपासण्यासाठी चावडीचीच जुनी रीत उपयोगी पडली. मूळ हस्तलिखिताशी न जुळणाऱ्या नोंदी दुरुस्त करण्यासाठी स्वतंत्र सुविधा देण्यात आल्या. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी कलम १५५ अन्वये तहसीलदारांचा आदेश लागतो, हे बंधनही कायम राहिले. ज्या कार्यालयाला आपले काम स्वयंचलित करायचे आहे, त्याने आधी आपली यादी अशी वाचून घ्यावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला कोणतेही साधन पर्याय देत नाही.

लहान कार्यालयासाठी साधने

शासनाकडे प्रोग्रॅमर असतात. पाणीपुरवठा संस्था, पतसंस्था, शाळा वा दूध संकलन केंद्र यांच्याकडे नसतात. त्यांच्यासाठी अल्पसंकेत साधनांचे महत्त्व आहे. ‘लो-कोड’ ही संज्ञा फॉरेस्टर या संशोधन संस्थेने २०१४ मध्ये रूढ केली, पण कल्पना जुनी आहे. एक्सेलमध्ये मॅक्रो लिहून महिनाअखेरचे तक्ते बनवणारे लेखनिक नव्वदच्या दशकापासून हेच करीत आले. आज मायक्रोसॉफ्टचे पॉवर ऑटोमेट, गुगलने २०२० मध्ये घेतलेले अ‍ॅपशीट, झॅपियर, चेन्नईच्या झोहो कंपनीचे क्रिएटर अशी अनेक साधने आहेत. महाराष्ट्रातील उदाहरण मुंबईच्या फ्रापे कंपनीचे. रुशभ मेहता यांनी स्थापन केलेल्या या कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली मुक्तस्रोत आहे. तिचा पाया असलेल्या फ्रापे फ्रेमवर्कमध्ये कागदाचा नमुना, त्याच्या अवस्था आणि कोणत्या अवस्थेत कोणी मंजुरी द्यायची हे पडद्यावरच ठरवता येते. तांत्रिक माणूस हाताशी असेल तर ती स्वतःच्या संगणकावर बसवता येते आणि माहिती बाहेर जात नाही.

साधन कोणतेही असो, रचना एकच. एक घटना घडते, एक अट तपासली जाते, एक कृती होते. समजा, नदीकाठच्या एखाद्या उपसा सिंचन संस्थेचा सचिव पाणीपट्टीचे काम पाहतो. पाणीपाळी संपल्यावर वहीतील तास मोजायचे, दराने गुणायचे, मागील बाकी मिळवायची, प्रत्येक सभासदाचे बिल लिहायचे आणि थकबाकीदारांना निरोप द्यायचा, असे हे काम. स्वयंचलनात मोटारीवरचा कर्मचारी मोबाइलवरील अर्जात सभासद क्रमांक आणि तास भरतो, ही घटना. सभासद क्रमांक यादीत आहे का आणि तास चोवीसपेक्षा जास्त नाहीत ना, या अटी. बिल तयार होऊन सचिवापुढे येणे, ही कृती. सचिवाने होकार दिला की सभासदाला संदेश जातो. पंधरवड्यात भरणा झाला नाही तर स्मरणपत्र निघते. यांत हिशेबाची एकही नवी युक्ती नाही. फक्त नाव आणि आकडा दुसऱ्यांदा लिहिला जात नाही.

अशा साखळीचा आराखडा आधी कागदावर काढावा. सचिवाच्या डोक्यात असलेले अपवाद तेव्हाच बाहेर येतात: वीज गेल्याने अर्धवट राहिलेली पाळी, दोघा भावांनी वाटून घेतलेले तास, मागील वर्षी सभेने माफ केलेली बाकी. अपवादांची संख्या नियमांपेक्षा जास्त निघाली तर ते काम अजून स्वयंचलनाला तयार नाही असे समजावे.

सर्वच कामे या साधनांना झेपत नाहीत. ऊसबिलाचे उदाहरण घ्यावे. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ नुसार ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागते. वजनकाट्याची पावती, कराराचा दर, सोसायटीची वसुली व इतर कपाती अशा अनेक बाबी जुळवून पैसे खात्यात जायचे असतात. कोट्यवधींच्या या व्यवहाराला लेखापरीक्षणाला टिकणारी पूर्ण प्रणाली हवी. लेखनिकाने फावल्या वेळात जुळवलेली साखळी तेथे धोक्याची. मात्र ‘चौदावा दिवस परवा आहे’ अशी आठवण अधिकाऱ्याला देण्यासाठी तीच साखळी पुरेशी आहे.

मराठी दप्तराच्या अडचणी

मराठीतील दप्तर स्वयंचलित करताना काही अडचणी खास आपल्या आहेत. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली माहिती पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरे असतात. युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय त्यांत नाव शोधता येत नाही. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, म्हणून तपासणी माणसानेच करायची. देवनागरी अंकांत लिहिलेल्या रकमा अनेक साधने संख्या न मानता अक्षरे मानतात आणि बेरीज शून्य येते. याउलट गंमत गट क्रमांकाची: १०/२ हा क्रमांक इंग्रजी अंकांत टंकला की एक्सेल तो तारीख समजते आणि शेताचे दहा फेब्रुवारी किंवा दोन ऑक्टोबर होते. तो रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवून ठेवावा.

नावांच्या बाबतीत तर नावावर विसंबूच नये. शिंदे, जाधव, पवार ही आडनावे आणि तीच तीच पहिली नावे एकेका गावात अनेक घरांत आढळतात. प्रत्येक सभासदाला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि सर्व नोंदी त्या क्रमांकाने जोडाव्यात. आठ-अच्या खाते क्रमांकामागे हाच विचार आहे.

खाते कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न साधनाच्या बाबतीतही विचारावा लागतो. साखळी जुळवणाऱ्या हौशी लेखनिकाने स्वतःच्या खासगी ईमेलवरून ती सुरू केली आणि तो नोकरी सोडून गेला, तर संस्थेचे दप्तर त्याच्यासोबत जाते. खाते संस्थेच्या नावाने असावे आणि पासवर्ड किमान दोघा पदाधिकाऱ्यांकडे असावा. मोफत योजनेत महिन्याला किती संदेश जातील यावर मर्यादा असते. ती ओलांडली की साखळी मुकाट्याने थांबते आणि सर्वजण संदेश गेले असे समजत राहतात. म्हणून अपयशी ठरलेल्या प्रत्येक कृतीची सूचना सचिवाला मिळेल अशी तजवीज हवी. सभासदांचे मोबाइल व आधार क्रमांक परदेशातील सर्व्हरवर ठेवण्यापूर्वी २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाकडेही लक्ष द्यावे. पाणीपट्टीला आधार क्रमांक लागतच नसेल तर तो गोळाच करू नये, हे सर्वांत सोपे.

पहिले दोन-तीन महिने वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवून आकडे ताडून पाहणे इष्ट. दुप्पट काम होते अशी तक्रार होईल. ती खरीही असेल. तपासणीची ही गरज शासनालाही पडली. १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत गाव नमुना बारामधील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर छायाचित्रासह करायची अशी सोय झाली आणि एका तलाठ्याने अनेक गावांची पिके नोंदत फिरण्याचा भार हलका झाला. सुधारित आवृत्तीत दोन गोष्टी घालण्यात आल्या. शेतकऱ्याला आपली नोंद ४८ तासांत दुरुस्त करता येऊ लागली, आणि नोंदींपैकी १० टक्के नोंदी तलाठ्याने पडताळून पाहाव्यात असे ठरले.