नव्या घरात जुना काठ : पवनीच्या घरांची गोष्ट

आज आपण घराबद्दल बोलू.

आपल्या पवनी तालुक्यात घरं फार बदलली. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि पुढच्या वर्षांत वैनगंगेकाठच्या कितीतरी गावांना उठावं लागलं. मातीच्या भिंती, कौलं, ओसरी सोडून माणसं पुनर्वसनाच्या वसाहतीत आली. जी गावं जागेवर राहिली, तिथं घरकुलं आली. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घर स्वयंपाकघर धरून किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं. एवढ्या जागेत संसार मांडताना प्रत्येकीला एकच प्रश्न पडतो. पितळेचा गुंड, बांबूची ढोली, आजीचं रेशीमकाठी लुगडं यातलं ठेवायचं काय आणि काढायचं काय? बऱ्याचदा भंगारवाला दारात उभा असतो आणि निर्णय पाच मिनिटांत होतो.

तो निर्णय घेण्याआधी थोडा इतिहास ऐकू या. फार लांबचा नाही, आपल्या पवनीचाच.

१९६९-७० साली पवनीत जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झालं. टेकडीच्या पोटातून दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप निघाला. त्याच्याभोवती दगडी कठडा होता, त्यावर कोरीव काम आणि ब्राह्मी लिपीतले लेख होते. आता गंमत बघा. त्या काळच्या अशा कठड्यांची बांधणी दगडाची नाहीच, ती सुताराची आहे. उभ्या खांबाला खोबण करायची, त्यात आडवी पट्टी बसवायची, जसं आपण शेताला किंवा वाडीला लाकडी कुंपण घालतो. लाकडात शिकलेला हात दगडाकडे वळला आणि जुनी ओळख सोबत घेऊन गेला. म्हणजे नव्या वस्तूत जुनी कला बसवणं ही शहरातल्या सजावटकारांनी काढलेली युक्ती नव्हे. आपल्या गावच्या मातीतच तिचा पुरावा पुरलेला होता.

दुसरी गोष्ट मागाची. पवनीचं रेशीमकाठी कापड एके काळी नावाजलेलं होतं. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरनंही त्याची नोंद घेतली. कोष्टी समाजाची घरं म्हणजे राहतं घर आणि कारखाना एकच. ओसरीत किंवा माजघरात मागाचा खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर आणि दिवसभर धोट्याची खटखट. घरात मागासाठी जागा काढावी लागत नव्हती. उलट, मागाभोवती घर उभं राहायचं.

आपल्या भंडारा-नागपूर भागाची आणखी एक ओळख म्हणजे करवतकाठी साडी. तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. मधलं अंग टसराचं, काठ रंगीत आणि काठाच्या कडेला करवतीच्या दातांसारखी नक्षी, म्हणून करवतकाठी. टसराचे किडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढवायचे. हे काम आपल्याकडे ढिवर बांधव पिढ्यान्‌पिढ्या करत आले. ही साडी तीन धोट्यांवर विणतात. एक धोटा अंगाचा, दोन धोटे दोन काठांचे. अंगाचा बाणा काठापर्यंत येतो, काठाच्या बाण्यात अडकतो आणि मागे फिरतो. अंगाचा धागा काठात शिरत नाही, म्हणून काठाचा रंग भरगच्च राहतो. आता कळलं ना, आजीच्या लुगड्याचा काठ इतका उठून का दिसतो?

मग हे सगळं मागे का पडलं? १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचं सूत आणि गिरणीचं कापड खेड्यापर्यंत पोचलं. पुढे यंत्रमाग आले, मग धुवायला सोप्या कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. भांड्यांचंही तसंच झालं. भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध होता, पण स्टील आलं. स्टीलला कल्हई लागत नाही. कल्हईवाला गल्लीत येईनासा झाला आणि पितळ फळीवरून माळ्यावर गेलं, माळ्यावरून काट्यावर. यात बाईची चूक नाही. घासायचा त्रास तिचा होता आणि तो कमी झाला हे बरंच झालं.

मात्र एक गोष्ट आपण नीट बोललो नाही. विणकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मागावर बसलेला माणूस येतो. पण कांड्या कोण भरत होतं? सूत उकलून ताणा लावायला, खळ देऊन पांजण करायला कोणाचे हात होते? घरातल्या बायांचे, म्हाताऱ्यांचे, पोरींचे. मजुरी मात्र कापडाला मिळायची आणि ती घरच्या कर्त्याच्या हाती पडायची. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशातल्या विणकरांत ७२ टक्क्यांहून जास्त स्त्रिया निघाल्या. म्हणजे हातमाग टिकला तर तो बाईच्या हातावर टिकणार. तेव्हा घर सजवताना केवळ भिंत चांगली दिसावी एवढंच बघू नका. पैसा कोणाच्या हाती जातो, हेही बघा.

आता आपल्या दोन खोल्यांत काय करता येईल ते पाहू.

लुगडं फाटतं ते आधी घडीवर आणि अंगाला. काठ शाबूत राहतो. आपल्या आज्या तोच काठ उसवून गोधडीला लावत होत्या. तसाच तो साध्या सुती पडद्याच्या खालच्या कडेला लावा, उशीच्या अभ्र्याला लावा. पण चांगलं लुगडं कात्रीखाली घालू नका. ते सुती कापडात गुंडाळा, मधून मधून घडी बदला. फाटलेलं आणि टिकलेलं यातला फरक कात्री उचलण्याआधी ओळखा.

पितळेचा गुंड दाराशी ठेवा, त्यात फांद्या-फुलं लावा, परातीत पाणी घालून दिवे सोडा. कल्हई नसलेल्या भांड्यात चिंच, ताक, आमटी ठेवू नका, आंबट पदार्थ पितळेला लागतो आणि पोटाला बाधतो. सूप भिंतीवर अडकवायला हरकत नाही, पण मिरची पाखडायला तेच खाली काढा. वापरात असलेलं सूप मोडलं की नवीन घ्यावं लागतं आणि बुरडाच्या घरी काम जातं. नुसतं टांगलेलं सूप वीस वर्षं मोडत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जुना काठ वापरला तर घर सजतं, पण मागाला काम मिळत नाही. त्यासाठी नवं कापड विणवून घ्यावं लागेल. मागावर खरी मेहनत ताणा चढवण्यात असते. एका पडद्यापुरता ताणा कोणी चढवणार नाही, ते परवडत नाही. पण एका ताण्यावर कित्येक वार कापड निघतं. म्हणून एकटीनं विचारलं तर विणकर नाही म्हणेल, गटातल्या दहा-बाराजणींनी मिळून पडद्याचं, चादरीचं कापड मागितलं तर हिशेब जुळेल. रंग एक ठरवा, रुंदी एक ठरवा, थोडी रक्कम आगाऊ द्या. कांड्या भरणाऱ्या बाईची मजुरी वेगळी धरली आहे का, हेही त्याच वेळी विचारा. विकत घेतलेल्या कापडावर हातमागाची खूण आहे का, तेही बघत जा.

१९०५ साली ७ ऑगस्टला कलकत्त्यात स्वदेशीची चळवळ सुरू झाली. त्याची आठवण म्हणून २०१५ पासून त्या दिवशी राष्ट्रीय हातमाग दिवस पाळतात. येत्या ७ ऑगस्टच्या आधी गटाच्या बैठकीत हा एक विषय घ्या. घरी कोणाकोणाच्या पेटीत जुनं लुगडं आहे ते बैठकीत आणा, काठ हातात घेऊन बघा आणि गावात अजून कोणाचा माग चालू आहे याची चौकशी करा. चालू माग सापडला तर पहिली मागणी तुमच्या गटाची असू द्या.