कुत्र्याला पगडी, माणसाला घाम

ज्यांचे इयरफोन घरी राहिलेत आणि जे घाटकोपरच्या मेट्रोत एका हाताने लटकून हे वाचतायत, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. विषय आहे डॉग शो. हसायचं आहेच, पण इतिहासाच्या वाटेने.

उपनगरातला डॉग शो कधी बघितलाय? रविवारची सकाळ, एखादं मैदान, दोरी लावून आखलेली चौकोनी रिंग. आपलं ते नेहमीचं चिकट, दमट ऊन. आणि त्या उन्हात कोट-टाय घातलेला एक माणूस कुत्र्याबरोबर गोल गोल पळतोय. हा हँडलर. त्याच्या कोटाच्या खिशात काय असतं माहितीये? उकडलेली कलेजी! मधेच एक तुकडा दाखवायचा, की कुत्र्याची मान ताठ, डोळे चमकदार, कान टवकारलेले. लोक म्हणतात, काय रुबाब आहे! कुत्रा बिचारा फक्त खिशाकडे बघत असतो.

मग जज येतात. दात बघतात, पाठीवरून हात फिरवतात, आणि कुत्रा नर असेल तर मागे जाऊन दोन्ही वृषणं जागच्या जागी आहेत ना, हेही हाताने तपासतात. जगभरच्या ब्रीड स्टँडर्डमध्ये, म्हणजे जातीच्या लेखी वर्णनात, तशी अटच असते. त्या क्षणी कुत्र्याच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ना, ते बघायलाच मी जातो.

आता मागे जाऊया. बरंच मागे, साताऱ्याला. छत्रपती शाहू महाराज, म्हणजे शिवाजी महाराजांचे नातू. त्यांच्या एका लाडक्या कुत्र्याने भुंकून त्यांना वाघापासून वाचवलं होतं. लोक त्याला खंड्या म्हणतात. महाराजांनी या कुत्र्याला सनद देऊन जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. पालखी म्हणजे भोई आले, त्यांचा पगार आला, सगळा सरंजाम आला. आणि तो खरोखर चालवला गेला!

पण खरी मजा पुढे आहे. एकदा दोन मराठा सरदार दरबारात भेटीला येणार होते. महाराजांनी काय करावं? कुत्र्याला जरीची वस्त्रं घातली, दागिने चढवले आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. त्यानंतर ती पगडी त्यांनी स्वतः पुन्हा कधी घातली नाही. हे सगळं ग्रँट डफने १८२६ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिलंय. त्याच्या मते महाराजांच्या बुद्धीला उतारवयात भ्रम झाला होता, त्याची ही सुरुवात. मला नाही पटत. भरजरी पोशाखात ऐटीत येणाऱ्या सरदारांसमोर तसाच नटवलेला कुत्रा बसवणं, हा वेडेपणा कमी आणि टोमणा जास्त वाटतो. साताऱ्याजवळ संगम माहुलीला गेलात तर शाहू महाराजांच्या समाधीजवळ खंड्याचीही समाधी आहे. अवश्य बघा.

दागिने, दरबार, मानमरातब सगळं होतं, फक्त बक्षीस नव्हतं. ते आणलं इंग्रजांनी. आजच्या पद्धतीचा पहिला डॉग शो १८५९ च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला झाला. फक्त शिकारी कुत्रे, पॉइंटर आणि सेटर, एवढेच दोन वर्ग. बक्षीस काय, तर बंदूक. निकाल ऐका. पॉइंटरमध्ये जो कुत्रा जिंकला, त्याचा मालक सेटर गटाचा जज होता. आणि सेटरमध्ये जो जिंकला, त्याचा मालक पॉइंटरचा जज! आपल्या सोसायटीच्या गणपतीतल्या रांगोळी स्पर्धेची आठवण झाली ना? मलाही झाली. जगात सर्वांत गाजलेला शो म्हणजे क्रफ्ट्स, तो १८९१ मध्ये लंडनला सुरू करणारा चार्ल्स क्रफ्ट कुत्र्यांची बिस्किटं विकणाऱ्या कंपनीत होता. आता शो कुणाच्या फायद्याचा ते तुम्हीच ओळखा.

आपल्याकडे ही पद्धत साहेबाबरोबर आली आणि साहेब गेल्यावरही राहिली. आज केनेल क्लब ऑफ इंडियाचं मुख्यालय चेन्नईला आहे. शोमध्ये उतरायचं तर कुत्र्याची जात आणि वंशावळ कागदावर लागते. इथेच आमच्या मुलुंडच्या शेजारच्या काकांची फजिती झाली. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला आणि त्यातला अंपायर झालेला टफी बघून आमच्या बिल्डिंगमध्ये तीन पांढरे पॉम आले. त्यातला एक काकांचा. त्याला घेऊन ते शोला गेले. टेबलावरच्या मुलाने वजन विचारलं. ‘सहा किलो.’ मुलगा हळूच म्हणाला, ‘काका, हा पॉमेरेनियन नाही.’ शोमधला पॉमेरेनियन असतो दोनेक किलोचा. आपण सगळे ज्याला पॉम म्हणत वाढलो, तो बहुतेक इंडियन स्पिट्झ. काका भडकलेच, ‘म्हणजे नऊ वर्षं आम्ही खोट्या जातीचा कुत्रा पाळला?’ कुत्रा तोवर टेबलाखाली झोपला होता.

नावाचा घोळ कारवानी कुत्र्याच्या नशिबीही आहे. लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट. लातूर-नांदेडकडे आणि सीमेपलीकडे मुधोळला हे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या सशाच्या शिकारीसाठी पाळले गेले. केनेल क्लब ऑफ इंडिया याला कॅरवान हाउंड म्हणतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. कुत्रा एक, आधार कार्डं दोन! मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी यांची जोडी पंचम जॉर्जला भेट दिली, ही गोष्ट तुम्हाला सगळीकडे सापडेल. बऱ्याच ठिकाणी साल १९३७ लिहिलेलं असतं. पंचम जॉर्ज जानेवारी १९३६ मध्येच वारले होते, तेव्हा फॉरवर्ड करताना जरा जपून.

या कुत्र्याची अडचण अशी, की अनोळखी माणसाने हात लावलेला त्याला अजिबात खपत नाही. आणि शो म्हणजे तर अनोळखी माणसाने हात लावणंच. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार बंद झाली. ते योग्यच झालं. पण ज्या धावण्यासाठी हा कुत्रा घडला ते कामच गेलं. आता पिल्लाला भाव मिळवायचा, जात टिकवायची, तर मालकाला रिंगमध्ये यावं लागतं आणि वाऱ्यासारख्या कुत्र्याला हिरव्या कार्पेटवर दुडक्या चालीने चालवावं लागतं.

अंधेरीच्या एका शोमध्ये असेच एक आजोबा बघितले होते. लातूरकडून रात्रभर टेम्पोने आलेले. सगळे ब्लेझरमध्ये, हे पांढऱ्या शर्टात, पायात चपला. जजने हात पुढे केला की कुत्री मागे सरकायची. दोनदा झालं, तिसऱ्यांदा आजोबा तिच्या कानात काहीतरी बोलले, तेव्हा कुठे तिने दात दाखवले. मग चालवायची वेळ आली. अर्धी फेरी छान झाली आणि कोपऱ्यात एक कावळा उतरला. पुढचं मला नीट दिसलंच नाही. दोरी हवेत, आजोबांची एक चप्पल रिंगमध्ये, कुत्री मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला.

जजने वहीत काहीतरी लिहिलं. आजोबा एका चपलेवर उभे राहून, शेजारच्या लॅब्राडोरवाल्या मुलाला कोपराने ढोसत म्हणत होते, ‘बगितलं का? कसं पळतंय!’