झगा नसलेल्यांचा वर्ग

विद्यापीठांच्या पदार्थविज्ञान विभागांनी नगरवासीयांसाठी व्याख्याने योजावीत, ही प्रथा आज जगभर रूढ आहे. तिच्या आरंभकाळातील एका प्रयत्नाचा वृत्तान्त वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा मानस आहे. कारण गावोगावी व्याख्यानमाला जोपासणाऱ्या आपल्या मंडळींना तो परका वाटू नये.

स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात १७५७ साली जॉन अँडरसन हे निसर्गतत्त्वज्ञानाचे, म्हणजे आजच्या भाषेत पदार्थविज्ञानाचे, प्राध्यापक झाले. नियमित विद्यार्थी लाल झगा घालून वर्गात येत. या झग्यास लॅटिन नाव 'टोगा'. गणितप्रधान अशा या वर्गाच्या जोडीला अँडरसन यांनी दुसरा वर्ग उघडला. कारागीर आणि रीतसर विद्यापीठीय शिक्षण ज्यांना शक्य नव्हते असे इतर लोक त्यात येत. कामाच्याच कपड्यांनिशी बसण्याची त्यांना मुभा होती. म्हणूनच या वर्गाचे नाव पडले 'अँटी-टोगा', झगा नसलेल्यांचा वर्ग. येथे भर प्रयोग दाखविण्यावर असे. अँडरसन स्वतःही कारखान्यांत जात, शास्त्र सांगत आणि अनुभव घेऊन परतत.

अशा देवघेवीचे मोल किती असू शकते, हे त्याच विद्यापीठात दिसून आले. निसर्गतत्त्वज्ञानाच्या वर्गातील न्यूकमेन बाष्पयंत्राची प्रतिकृती नीट चालेना. लंडनला पाठवूनही ती सुधारली नाही. १७६३ साली ती विद्यापीठाच्या आवारातील उपकरणकार जेम्स वॅट यांच्या हाती आली. यंत्र चार-दोन फेऱ्या करून थांबे. वॅट यांनी शोध घेतला, तेव्हा दर फेरीला नळकांडे गार पाण्याने थंड होते आणि बरीचशी वाफ ते पुन्हा तापविण्यातच खर्ची पडते, असे आढळले. वाफ वेगळ्या पात्रात थंड करावी, ही कल्पना त्यांना १७६५ साली सुचली. १७६९ साली तिचे पेटंट मिळाले.

अँडरसन यांचे सहकाऱ्यांशी मात्र फारसे पटले नाही. १७९६ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा मृत्युपत्रात आढळली एका नव्या विद्यापीठाची योजना: चार विद्याशाखा, प्रत्येकीत नऊ प्राध्यापक. द्रव्यबळ अगदीच तुटपुंजे. विश्वस्तांनी तरीही त्याच वर्षी एका प्राध्यापकावर आरंभ केला. टॉमस गार्नेट यांच्या त्या व्याख्यानांना स्त्रियांनाही प्रवेश होता.

गार्नेट यांच्यानंतर आले तरुण डॉक्टर जॉर्ज बर्कबेक. आपली उपकरणे घडविणाऱ्या कारागिरांची जिज्ञासा पाहून त्यांनी १८०० साली त्यांच्यासाठी विनामूल्य वर्ग काढला. पहिल्या व्याख्यानास ७५ श्रोते होते. चौथ्या व्याख्यानापर्यंत ही संख्या ५०० वर गेली. पुढे १८२३ साली लंडनमध्ये कारागिरांची संस्था निघाली, तीही बर्कबेक यांच्याच पुढाकाराने. अँडरसन यांच्या संस्थेतून वाढत गेलेल्या विद्यालयाला १९६४ साली स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

ही लाट आपल्याकडेही पोहोचली होती. मुंबईच्या टांकसाळीतील व गोदीतील यंत्रकामगारांनी १८४७ साली अशाच संस्थेचा पाया घातला. काळाघोडा येथील डेव्हिड ससून ग्रंथालयाचे मूळ तिच्यात आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली.

आपल्या पूर्वजांनी परमुलखात मंडळे स्थापिली, ती भाषा टिकावी म्हणून. त्या मंडळांच्या व्यासपीठावर साहित्य आणि संगीत नित्य नांदते. शास्त्र क्वचित येते, आणि आले तरी बहुधा सुशिक्षितांपुरते. ज्या भाषेत यंत्राचे मर्म यंत्र चालविणाऱ्यास सांगता येत नाही, ती पुढच्या पिढीस केवळ सणासुदीची वाटू लागली तर नवल नाही. आमच्या मते प्रत्येक मंडळाने वर्षातून एक व्याख्यान तरी मराठीतून, प्रयोगासह आणि सर्वांना मुक्तद्वार ठेवून योजावे. गावातील महाविद्यालयाची प्रयोगशाळा आणि तेथील एखादा उत्साही अध्यापक, एवढ्या भांडवलावर हे साधण्याजोगे आहे. अँडरसन यांच्या विश्वस्तांपाशी तरी याहून अधिक काय होते?