मोटारीचें सुकाणूं आणि त्याचे सांधे

माझ्या पुतण्यानें गेल्या उन्हाळ्यांत एक जुनी जीप विकत घेतली. पूर्वींच्या मालकानें तिला मूळच्याहून रुंद टायर चढविले होते व कमानी उंच करून घेतल्या होत्या. गाडी दिसावयास मोठी रुबाबदार; परंतु स्टिअरिंगचें चक्र चार बोटें फिरविलें तरी पुढचीं चाकें जागचीं हलत नसत, आणि खड्डा लागला कीं तीं अशीं थरथरत कीं चक्र हातांतून निसटतें कीं काय असें वाटे. एका कारागिरानें सांगितलें, "पेटी आवळतों, दांडीला वेल्डिंग मारतों, संध्याकाळीं गाडी घेऊन जा." दुसरा एक वयस्कर मिस्त्री मात्र गाडीखालीं वांकून पाहून म्हणाला, "मास्तर, पेटीला हात नका लावूं. रोग सांध्यांत आहे." या दोघांपैकीं खरें कोणाचें, हें समजण्यासाठीं दोनशें वर्षें मागें जावें लागतें.

घोड्यांच्या चारचाकी गाडीचा पुढचा आंस मध्यभागीं एका खिळ्यावर फिरत असे. वळतांना सबंध आंस चाकांसह तिरपा होई, गाडीचा पाया अरुंद होई आणि ती कलंडण्याची भीति असे. शिवाय एक चाक दगडावर आदळलें कीं त्या धक्क्यानें सारा आंसच फिरूं पाही. चार्लस् डार्विनचे आजोबा डॉक्टर इरॅस्मस डार्विन यांनीं अठराव्या शतकांतच यावर तोड सुचविली होती. आंस स्थिर ठेवावा आणि टोकांचीं चाकेंच आपापल्या खिळ्यांवर वळवावीं, अशी ती कल्पना. पुढें म्यूनिकचा गाड्या बांधणारा लांकेनस्पर्गर यानें स्वतंत्रपणें हीच रचना सिद्ध केली. लंडनमधील चित्रप्रकाशक रुडॉल्फ आकरमन यानें त्याच्या वतीनें १८१८ सालीं इंग्लंडांत पेटंट घेतलें. आणि दैवाचा खेळ असा, कीं जग त्या रचनेस कारागिराच्या नांवानें न ओळखतां मुखत्याराच्या नांवानें ओळखूं लागलें.

या रचनेचें मर्म साधें आहे. गाडी वळते तेव्हां आंतल्या बाजूचें चाक लहान वर्तुळांत व बाहेरचें मोठ्या वर्तुळांत धांवतें. म्हणून आंतलें चाक थोडें अधिक वळलें पाहिजे. नाहींतर टायर रस्त्यावर फरफटत जातो. हा मेळ दोन्ही चाकांना जोडणारी दांडी व तिचे तिरपे हात घालून देतात.

परंतु प्रत्यक्ष मोटार जन्मास आली तेव्हांही हा प्रश्न सोपा नव्हता. कार्ल बेन्झ यानें १८८६ सालीं जिचें पेटंट घेतलें ती मोटार तीनचाकी होती, कारण पुढें एकच चाक असलें म्हणजे तें वळविणें सोपें. चारचाकी गाडीसाठीं योग्य वाटेल अशा रचनेचें पेटंट त्यानें १८९३ त घेतलें. चालकाच्या हातीं त्या काळीं बहुधा एक दांडा असे. १८९४ च्या पॅरिस–रुआँ शर्यतींत आल्फ्रेद व्हाशरों यानें आपल्या पानहार्ड गाडीस दांड्याऐवजीं गोल चक्र बसविलें, आणि थोड्याच वर्षांत तें सर्वत्र रूढ झालें.

आतां पाहा, या प्रगतीची किंमत कोणती पडली? जुन्या गाडीस एक खिळा होता. नव्या गाडीस अनेक सांधे आले. दुसऱ्या महायुद्धांत विलीज व फोर्ड या कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. याच वंशाच्या जीपांची जुळणी स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीनें मुंबईंत केली. त्या जुन्या जीपेंत स्टिअरिंगच्या पेटीपासून एक दांडी पुढें जाते व बेल क्रँक नांवाच्या कोपरासारख्या तुकड्यास मिळते; त्या तुकड्यापासून दोन टाय रॉड दोन चाकांकडे जातात. पहिल्या दांडीचीं दोन टोकें, बेल क्रँकची खुंटी आणि टाय रॉडांचीं चार टोकें मिळून सात सांधे होतात. चाकें ज्यांवर वळतात ते किंगपिन निराळेच. प्रत्येक ठिकाणीं केंसाएवढी झीज झाली तरी तिची बेरीज चक्रावर चार बोटांची होते. त्यांतून रुंद टायर प्रत्येक धक्का अधिक जोरानें सांध्यांवर आणतात, आणि कमानी उंच केल्यानें दांडीचा कोन बिघडून, गाडी नुसती उसळली तरी चाकें आपोआप वळूं पाहतात.

म्हणून त्या वयस्कर मिस्त्र्याचेंच खरें होतें. त्यानें एकास चक्र डावी-उजवीकडे थोडें हलवावयास सांगितलें आणि स्वतः एकेका सांध्यावर बोट ठेवून ढिलाई शोधली. नंतर गाडी भक्कम घोड्यांवर उचलून चाकें हातानें हलवून पाहिलीं. बेल क्रँकची खुंटी व टाय रॉडांचीं दोन टोकें झिजलेलीं निघालीं. तीं त्यानें नवीं घातलीं. झिजलेल्या सांध्यावर वेल्डिंग करूं दिलें नाहीं. कारण तापलेल्या पोलादाचा मूळ कस जातो आणि तें पुढें न सांगतां मोडतें. निमुळत्या खुंटीवरील नट ठरल्या जोरानें आवळल्यावर पिनेचें भोंक जुळेना, तेव्हां त्यानें नट सैल केला नाहीं. आणखी किंचित् आवळून नवी पिन घातली. अखेर दोन्ही चाकांचा मेळ मापून घेतला आणि चक्र दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायर किंवा ब्रेकची नळी कोठें घासत नाहीं ना, हें पाहिलें. रुंद टायर उतरवून मूळ मापाचे घालण्याचा सल्लाही त्यानें दिला, आणि पुतण्यानें तो कुरकुरत कां होईना, मानला.

पेटी आवळली असती तर काय झालें असतें? ढिलाई हाताला जाणवेनाशी झाली असती, पण सांध्यांत ती तशीच राहिली असती. आणि अति आवळलेलें चक्र वळणानंतर सहज परत आलें नसतें. इंजिन बंद पडलें तर गाडी उभी राहते. सुकाणूं तुटलें तर ती उभी राहत नाहीं, घाटांत तर नाहींच नाहीं. दोनशें वर्षांच्या कल्पकतेनें चालकास जी सत्ता दिली, ती शेवटीं एका लहानशा पिनेवर अवलंबून आहे. गाडी जुनी असो वा नवी, ती पिन जागेवर आहे कीं नाहीं हें पाहण्यास मालकानें लाजूं नये.