कोणत्या कपाटात आमचा इतिहास?

ग्रंथालय ही तटस्थ जागा आहे, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. पुस्तके फळीवर लावलेली आहेत. ज्याला हवे त्याने ती मागावीत, वाचावीत, परत करावीत. यात जातीचा प्रश्न येतोच कुठे, असे माझे काही सहकारी प्राध्यापक मला विचारतात. वरवर पाहता त्यांचे म्हणणे खरेही आहे. आज महाविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या दारावर जात विचारून कुणाला अडविले जात नाही. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके अक्षराच्या उंबरठ्याबाहेर उभे केले गेले, त्या समाजातील मुलगी आत येऊन काही विचारते, तेव्हा तिच्या प्रश्नाची भाषा आणि ग्रंथालयाच्या तालिकेची भाषा एक नसते. ही दरी कशी निर्माण झाली, हा इतिहासाचा प्रश्न आहे. तो मला संदर्भाच्या टेबलापाशी बसून कळला.

मी इतिहास शिकवितो. आमच्या महाविद्यालयात ग्रंथपालाची जागा रिकामी आहे. म्हणून आठवड्यातून दोन दिवस, तास संपल्यावर, मी संदर्भ विभागात बसतो. एके दुपारी द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी आली. टेबलापासून जरा दूरच उभी राहिली. म्हणाली, “सर, मुक्ता साळवेंचं पुस्तक आहे का?” अण्णाभाऊ साठे जयंतीच्या कार्यक्रमात तिने हे नाव ऐकले होते. वस्तीतल्या फलकावर चित्रही पाहिले होते. त्या काय लिहून गेल्या, हे मात्र तिला कुणी सांगितले नव्हते.

संगणकात लेखकाचे नाव घालून पाहिले. नोंद नाही. विषयाच्या जागी ‘दलित स्त्रिया’ असे घातले. तरीही नाही. ती लगेच म्हणाली, “नसेल तर राहू द्या सर.” हे ‘राहू द्या’ मी चांगले ओळखतो. ज्यांच्या घरी मागून कधी काही मिळालेले नाही, त्यांना नकार ऐकण्याआधीच परत फिरण्याची सवय जडलेली असते. मी तिला म्हटले, “बस. नोंद नाही म्हणजे लिखाण नाही, असं नाही.”

मुक्ताबाईंनी पुस्तक लिहिले नाही, निबंध लिहिला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मांग समाजातील या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचे, १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेले नियतकालिक. आता तालिकेची रीत पाहा. तालिका पुस्तकाची नोंद करते, नियतकालिकातील लेखाची करीत नाही. म्हणजे ज्यांच्यापाशी पुस्तक छापण्याचे साधन नव्हते, ते लेखक म्हणून तालिकेत येऊच शकत नाहीत. हा कुणा कारकुनाचा दुष्टावा नव्हे. ही व्यवस्था आहे, आणि व्यवस्थेला दुष्टावा करावा लागत नाही.

आम्ही शोधत गेलो. १९९१ साली निघालेल्या ‘विमेन रायटिंग इन इंडिया’ या इंग्रजी संकलनाचा पहिला खंड साहित्याच्या कपाटात होता. त्यात मुक्ताबाईंच्या निबंधाचे भाषांतर आहे. आपल्याच समाजातील मुलीने मराठीत लिहिलेले दुःख या मुलीला प्रथम इंग्रजीतून, माझ्या मदतीने, अडखळत वाचावे लागले. मूळ मराठी निबंध पुढल्या आठवड्यात फुल्यांवरील एका पुस्तकाच्या परिशिष्टात सापडला. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असा सवाल त्या लहान मुलीने त्या काळात केलेला आहे. माझी विद्यार्थिनी ते वाचून बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “हे आम्हाला शाळेत का नव्हतं?” या प्रश्नाचे उत्तर संदर्भ विभागात नव्हते.

त्या दिवशी मी एक कागद घेतला आणि तिच्यासाठी नावांची एक शिडी लिहून काढली. आपल्या समाजाला प्रत्येक काळाने वेगळे नाव दिले आणि ग्रंथालयांनी त्या-त्या नावाखाली पुस्तके ठेवली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘अंत्यज’ आणि ‘निराश्रित’ हे शब्द दिसतात, आणि इंग्रजीत ‘डिप्रेस्ड क्लासेस’. विठ्ठल रामजी शिंदे यांचे डिप्रेस्ड क्लासेस मिशन १९०६ चे. त्यांचाच ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ १९३३ चा, आणि त्याच वर्षी गांधीजींचे ‘हरिजन’ सुरू झाले. १९३५ च्या कायद्याने ‘अनुसूचित जाती’ हा शब्द आणला. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली आणि ‘दलित’ हा शब्द स्वाभिमानाने घरोघर गेला. केवळ ‘दलित’ हा शब्द घेऊन शोधणाऱ्या विद्यार्थ्याला यातील निम्म्याहून अधिक साहित्य दिसणारच नाही. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ काढले, हे त्याला या शब्दातून कळणार नाही. आपला इतिहास शोधायचा तर आपल्याला इतरांनी दिलेली सारी नावे, अपमानाचीसुद्धा, पाठ असावी लागतात.

नावांनंतर क्रमांक. आमच्या ग्रंथालयात मेल्विल ड्यूई याचे दशांश वर्गीकरण आहे. १८७६ साली ते अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यात धर्माचे घर २०० चे. त्यातील २२० ते २८० हे सातही विभाग ख्रिस्ती धर्माला, आणि जगातील उरलेले सारे धर्म २९० च्या एका खोलीत. बौद्ध धर्म २९४.३, हिंदू धर्म २९४.५, म्हणजे ज्या धर्माचा त्याग करून आपण बाहेर पडलो, त्याच्याच बाजूच्या फळीवर आपली जागा. बाबासाहेबांचे ग्रंथ तर विखुरलेले. रुपयाचा प्रश्न ३३२ मध्ये, प्रांतिक अर्थव्यवस्था ३३६ मध्ये, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ २९४.३ मध्ये. विद्वत्तेच्या दृष्टीने यात चूक नाही. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते हे त्यातून सिद्धच होते. परंतु ‘बाबासाहेबांची पुस्तके कुठे आहेत’ असे विचारणारा मुलगा एका फळीपाशी थांबतो आणि चारच पुस्तके आहेत असे समजून निघून जातो.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनाही हेच भोगावे लागले. १९३० पासून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात काम करणाऱ्या डोरोथी पोर्टर या कृष्णवर्णीय ग्रंथपाल बाईंना दिसले की, इतर ग्रंथालये आपल्या लेखकांसाठी ड्यूईचे दोनच क्रमांक वापरतात: ३२५ म्हणजे वसाहत आणि ३२६ म्हणजे गुलामगिरी. कवितासंग्रह असला तरी तो तिथेच, कारण कवी काळा. त्यांनी हे नाकारले. कविता कवितेत, इतिहास इतिहासात, अशी आपल्या संग्रहाची मांडणी त्यांनी केली. नकार हा केवळ कवितेत असतो असे नाही. तो पुस्तकाच्या पाठीवरील चिठ्ठीवरही लिहिता येतो, हे या बाईंकडून शिकावे.

खुद्द ड्यूई १८८३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजचा ग्रंथपाल झाला. १८८७ साली त्याने तेथे ग्रंथपालांसाठी शाळा काढली आणि विश्वस्तांचा विरोध असतानाही स्त्रियांना प्रवेश दिला. त्याच माणसाच्या खाजगी क्लबात ज्यूंना आणि काळ्यांना मज्जाव होता. यावरून उठलेल्या निषेधानंतर १९०५ साली त्याला न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथपालपदाचा राजीनामा द्यावा लागला, आणि २०१९ साली अमेरिकन ग्रंथालय संघाने आपल्या पदकावरून त्याचे नाव काढले. एक दार उघडणारा दुसरे दार लावून घेतो, याचे आपल्याला नवल वाटू नये.

१९१३ साली बाबासाहेब याच कोलंबियात शिकावयास गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. भारतातील सार्वजनिक ग्रंथालय चळवळीचा हा गौरवाचा अध्याय आहे. पण त्याच बडोद्यात १९१७ साली बाबासाहेब नोकरीसाठी परतले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळाले नाही. पारशी खानावळीतून त्यांना हाकलून काढले. पुस्तके गावोगाव पोचत होती; पुस्तक वाचून आलेल्या माणसाला मात्र राजधानीत खोली नव्हती. पुढे त्यांनी दादरला ‘राजगृह’ बांधले ते पुस्तकांना जागा हवी म्हणून, आणि १९४६ साली मुंबईला सिद्धार्थ व १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे केले. त्या ग्रंथालयांची त्यांना किती काळजी होती, हे त्या पिढीतील माणसांना ठाऊक होते.

माझ्या स्वतःच्या शिक्षणाच्या काळातील ग्रंथालयाला जाळीची खिडकी होती. चिठ्ठी आत सरकवायची आणि वाट पाहायची. फुल्यांचे ‘गुलामगिरी’ मागितले, तर खिडकीमागून उत्तर आले, “तुमचं बुक बँकेचं कपाट तिकडे आहे.” बुक बँकेत क्रमिक पुस्तके होती. सवलतीच्या विद्यार्थ्याला परीक्षेपुरते ज्ञान पुरे, असा त्याचा अर्थ. पाणवठ्यावर ओंजळीत वरून पाणी ओतीत. येथे पुस्तक जाळीतून सरकवीत. माझे आईवडील निरक्षर होते. घरी येऊन विचारावे असे कुणी नव्हते. ‘गुलामगिरी’ मी चार वर्षांनी वाचली. त्या चार वर्षांचा हिशेब कुणाकडे मागावा?

म्हणून संदर्भ विभागाचे काम मी उपकार मानीत नाही. १८७६ सालीच सॅम्युएल ग्रीन या अमेरिकन ग्रंथपालाने ग्रंथपाल व वाचक यांच्यातील जिव्हाळ्याच्या संबंधावर निबंध वाचला. येणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा संकोच वाटता कामा नये, हा त्याचा गाभा. आपल्याकडे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातील दुसऱ्या नियमाचा आशय हा की, प्रत्येक वाचकापर्यंत त्याचा ग्रंथ पोचला पाहिजे. या नियमाचे लोकशाहीतील मोल फार आहे. परंतु वाचकाला आपला ग्रंथ अस्तित्वात आहे हेच ठाऊक नसेल, तर? तेव्हा कुणीतरी त्याच्यासोबत फळ्यांमधून चालावे लागते. ‘नाही’ म्हणण्यापूर्वी आणखी तीन ठिकाणी पाहावे लागते.

आता आमच्या टेबलावर एक जाड वही असते. प्रत्येक प्रश्न, तो कोणत्या नावांखाली शोधला, कोठे सापडला आणि कोठे सापडला नाही, हे विद्यार्थी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहितात. शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांचे खंड, १९९० साली एकत्र छापलेले ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांतील लेखांच्या याद्या मुलेच करीत आहेत. शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी अशी वही सुरू करावी. तिला अनुदान लागत नाही. आपण शोधलेली वाट लिहून ठेवली नाही, तर पुढच्या मुलाला ती पुन्हा पहिल्यापासून तुडवावी लागेल. आणि मध्येच कुणीतरी ‘राहू द्या’ म्हणून परत फिरेल.

त्या विद्यार्थिनीचा अलीकडचा प्रश्न वहीत असा आहे: आमच्या गावच्या शाळेत मांगवाड्यातील पहिली मुलगी कोणत्या साली बसली? याचे उत्तर कोणत्याही कपाटात नाही. शाळेचे जनरल रजिस्टर पाहा, असे मी तिला सांगितले, आणि मुख्याध्यापकांच्या नावे एक पत्र लिहून दिले. सुट्टीत ती जाणार आहे. उत्तराचा रकाना तिने रिकामा सोडला आहे.