नॉकिंगचे निदान : ठिणगी की इंधन?

मोटारगाडीच्या इंजिनातील दोष शोधणे हा सामान्यतः कारागिराच्या अनुभवाचा विषय मानला जातो. तथापि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत अशा एका दोषाच्या निदानाविषयी जो वाद उत्पन्न झाला, त्याचे परिणाम उद्योग आणि सार्वजनिक आरोग्य या दोन्ही क्षेत्रांत दूरवर पोहोचले. हा दोष म्हणजे नॉकिंग. इंजिनावर भार पडताच सिलिंडरमधून हातोडीच्या ठोक्यांसारखा आवाज येणे, शक्ती घटणे आणि प्रसंगी दट्ट्यास इजा होणे, ही त्याची लक्षणे होत. दोष प्रज्वलनाचा की इंधनाचा, हा मूळ प्रश्न होता.

ओहायो राज्यातील डेटन येथील चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेली बॅटरीवरील प्रज्वलनव्यवस्था १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत आली. १९१२ च्या गाड्यांत त्यांचा विद्युत् स्टार्टरही बसविण्यात आला. पुढे नॉकिंगच्या तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा दोष या नव्या व्यवस्थेच्या माथी मारण्यात आला. हा आरोप सर्वस्वी निराधार नव्हता. ठिणगी लवकर पाडली की ठोके वाढतात आणि उशिरा पाडली की कमी होतात, हे कोणाही कारागिरास प्रत्यक्ष दिसत असे. परंतु ज्या उपायाने लक्षण शमते तेथेच दोषाचे मूळ असते, असे अनुमान करणे तर्कशुद्ध नव्हे. त्याच काळात मोटारींची संख्या झपाट्याने वाढत होती आणि मागणी भागविण्यासाठी पेट्रोलमध्ये जड अंश अधिक प्रमाणात मिसळले जात होते.

१९१६ मध्ये केटरिंग यांनी हा प्रश्न थॉमस मिजली या तरुण यंत्र-अभियंत्याकडे सोपविला. शेतघरांना वीज पुरविणाऱ्या डेल्को-लाइट संचाच्या लहान इंजिनात पेट्रोलऐवजी रॉकेल वापरले की ठोके वाढत. प्रज्वलनव्यवस्था तीच, इंधन मात्र निराळे. त्यामुळे संशयाची दिशा पालटली. सिलिंडरमधील दाबाचा आलेख घेतला असता असे आढळले की, दाबाची आकस्मिक उसळी ठिणगीच्या आधी नव्हे, तर नंतर येते. म्हणजे हे अकाली प्रज्वलन नव्हते. ज्योत पसरत असताना पुढे दाबले गेलेले उरलेले मिश्रण आपोआप एकदम पेट घेते, हे स्पष्टीकरण पुढे स्थिरावले. ठिणगी उशिरा पाडल्याने आराम का पडतो, याचा उलगडाही त्यातूनच होतो : उरलेल्या मिश्रणावरील दाब व तापमान त्यामुळे कमी राहते.

तांबडा रंग उष्णता शोषून इंधनाचे बाष्पीभवन सुधारील, या कल्पनेने मिजली यांनी रॉकेलमध्ये आयोडीन मिसळले. ठोके थांबले, परंतु इतर तांबड्या रंगांनी काहीच साधले नाही. कल्पना चुकीची ठरली, तरी इंधनात अल्प द्रव्य घालून दोष दूर करता येतो हे सिद्ध झाले. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनीही संपीडन बदलता येणाऱ्या इंजिनावर निरनिराळ्या इंधनांची तुलना करून इंधनाच्या गुणधर्मांवरच भर दिला. पुढे ग्रॅहॅम एडगर यांनी आयसोऑक्टेनला १०० व हेप्टेनला ० धरून मापन सुचविले आणि ऑक्टेन अंक रूढ झाला.

निदान असे अचूक ठरले. उपायाची कथा मात्र निराळी आहे. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेडचा गुण आढळला आणि १९२३ मध्ये डेटन येथे शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. अल्कोहोल व बेन्झॉल यांनीही नॉकिंग कमी होते, हे तेव्हा ज्ञात होते. पण ती द्रव्ये मोठ्या प्रमाणात मिसळावी लागत, तर शिशाचे हे संयुग अत्यल्प पुरत असे. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार मरण पावले. ॲलिस हॅमिल्टन व यांडेल हेंडरसन यांनी धोक्याचा इशारा दिला. १९२५ मध्ये विक्री काही काळ थांबली. पण शासकीय समितीला बंदीस पुरेसे कारण आढळले नाही आणि १९२६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर १९९६ मध्ये पूर्ण बंदी आली. भारतात शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत उपलब्ध झाले आणि २००० मध्ये देशभर तेच लागू झाले. २०२१ मध्ये अल्जीरियातील विक्री थांबली, तेव्हा मोटारगाड्यांसाठी त्याचा वापर जगातून संपला.

या इतिहासात निदान आणि उपाय यांच्या कसोट्या भिन्न होत्या, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. निदान दाबाच्या आलेखावर पारखले गेले. उपाय मात्र मुख्यतः इंजिनाच्या लाभावर पारखला गेला. धुराड्यातून बाहेर पडणारे शिसे कोठे जाते, हा प्रश्न त्या प्रयोगशाळेच्या मोजमापात नव्हता. त्याची नोंद माणसांच्या रक्तात झाली, आणि ती वाचण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.